कारभारीच्या हातातला पेला

कारभारी पाटोळे नागापूरच्या एका कारखान्यात वेल्डर आहे. तो ठिणग्यांना भीत नाही, साहेबाला भीत नाही. भितो फक्त स्वतःला. सहा वर्षांपूर्वी प्यायला बसला आणि चार वर्षांच्या लेकीला नगरच्या स्टँडवर विसरून घरी आला. संध्याकाळी ती एका शेंगावाल्या बाईच्या पाटीशेजारी झोपलेली सापडली. त्या दिवसापासून थेंब नाही. तरी ‘सुटलो’ असं त्याने कधी म्हटलं नाही. खोकल्याच्या औषधातसुद्धा दारूचा अंश नाही ना, हे तो बायकोला, मार्थाला, आधी वाचायला लावतो. रोज सकाळी देवाकडे एवढंच मागतो, की आजचा दिवस सांभाळ.

एप्रिलचा पहिला रविवार होता. केडगावच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं: प्रभू येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. त्याचा रस साळूबाई करते: काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, गाळायच्या. तीस वर्षांत तिच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. या खेपेला तिला मधले दोन दिवस गावाला जायचं होतं, म्हणून तिने गुरुवारीच रस करून झाकून ठेवला होता.

पेले आधी पुरुषांच्या बाजूला फिरतात. मंडळीचे पंच रंभाजी पेल्यांचं तबक घेऊन कारभारीच्या ओळीत आले. त्याने इवलासा पेला उचलून ओठांपाशी नेला, आणि वास नाकात शिरला. आंबलेला. कडेला बारीक फेस होता.

त्याच्या पाठीला घाम फुटला आणि तोंडाला पाणी सुटलं. घामापेक्षा त्या पाण्याची भीती जास्त होती. घोटभर तर आहे. तेही प्रभूच्या भोजनात. इथे नको कसं म्हणायचं? पेला परत ठेवणारा म्हणजे मनात पाप लपवून आलेला, असंच सगळे धरून चालतील. पलीकडच्या बाकावर मार्था डोळे मिटून बसली होती. तिला हाक मारावी, तर तेही जमेना.

‘प्रभू, माझ्याच्यानं होत नाही. तू धर मला.’

वास तसाच राहिला. ओढही तशीच. फक्त त्याला तोंड उघडता आलं.

“पंच, रस आंबलाय.”

“हळू बोल की,” रंभाजी कुजबुजले. “घोटभर तर हाय. डोळे झाक अन् घे.”

“मला न्हाई घेता यायचा. तुमाला ठावं हाय सगळं.”

पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “तरीच मला बरा लागला.” दोघं-तिघं हसले. कारभारीला हसू आलं नाही.

साळूबाई उठून आली. “आंबलाय? माज्या हातचा?” तिने पेला घेऊन चाखला आणि तिचा चेहरा उतरला. “व्हय रं. उन्हाळ्याचा इचारच न्हाई केला म्या.”

पाळकसाहेबांनी सगळ्यांना थांबवलं. मार्थाने समोरच्या गाड्यावरून द्राक्षं आणली, साळूबाईने ती तिथेच पिळली आणि प्रभुभोजन पुरं झालं.

सगळे निघाले, पण कारभारी बाकावरच बसून होता. साळूबाई जवळ आली.

“रागावलास व्हय?”

“न्हाई, मावशी. भ्यालोय. वास अजून नाकात हाय.”

“देव हाय की.”

“हाय. म्हणून तर बोलता आलं. पण आत्ता एकटं न्हाई ऱ्हायचं मला. तुमीबी बसा जरा.”

ती बसली. मार्थाही येऊन बसली. मग चांगला तासभर साळूबाई त्याला आपल्या गाभण शेळीबद्दल सांगत राहिली.