रंगारीणकाकू आणि ऐकेनासं झालेलं आतडं

रंगारीणकाकूंचं मनगट मोडलं ते ओली चादर पिळताना. ना पडल्या, ना घसरल्या. रंगाच्या हंड्यातून चादर वर काढली, पीळ दिला आणि कट्कन आवाज आला. सत्तरी ओलांडलेल्या काकूंना दुखण्यापेक्षा अपमानच जास्त झोंबला.

हाडं ठिसूळ झालीत, अंगात व्हिटॅमिन डी कमी असणार, हंडे विकायचे, गच्चीवरचं रंगाचं काम बंद, असं मुलानं त्याच दिवशी जाहीर केलं. काकू म्हणाल्या, आधी रक्त तपासा. जन्म उन्हात काढलेल्या बाईला व्हिटॅमिन डी कमी पडेलच कसं? आणि खरंच, डी भरपूर निघालं. काकूंनी मुलाकडे अशा ऐटीत पाहिलं, जणू खटलाच जिंकला.

हाडं मात्र विरलेल्या कापडासारखी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, अन्नातलं कॅल्शियम उचल असं आतड्याला सांगायचं काम डीचं. वय झालं की डी कितीही असो, आतडं पूर्वीसारखं ऐकत नाही.

"म्हणजे आमच्या चिरंजीवांसारखंच," काकू म्हणाल्या.

पण घरी येऊन त्यांनी धंद्यातलं डोकं चालवलं. रंग चढत नसला तर हंड्यात आणखी रंग टाकायचा. आठवड्याला एक घ्यायची ती डीची पुडी कुणालाही न विचारता आणून त्या रोज घेऊ लागल्या. काही आठवड्यांत मळमळ, सतत तहान, तोंडाची चव गेलेली. डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या. डी जास्त झालं तर मूत्रपिंडं बिघडतात, पुड्या आजपासून बंद. पुढे रक्त ठीक आल्यावर त्यांनी कॅल्शियम दिलं, तेही एकदम नाही, प्रत्येक जेवणासोबत थोडं थोडं.

काकूंनी कपाळावर हात मारला. जुन्या कापडाचंही असंच. गडद रंगात घातलं तर डाग पडतात. फिक्या रंगात पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं. मग त्यांनी मुलादेखतच विचारलं, काम सोडू का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जड उचलू नका, पिळू नका. पण हिंडतं-फिरतं राहणं हाडांना हवंच.

तरी एका सकाळी मुलानं भंगारवाला आणलाच. काकू हंड्यासमोर उभ्या राहिल्या.

"आतडं ऐकेना म्हणून कुणी ते भंगारात घालत नाही, बाळा. त्याला झेपेल तसं भरवतात. मलाही झेपेल तेवढं काम करू दे. पिळायला सूनबाई आहे, ढवळायला मी."

सूनबाई आधीच बाह्या सारून उभी होती. भंगारवाल्यानं दोघींकडे पाहिलं आणि रिकाम्या हातानं जिना उतरला.

"आता आलाच आहेस तर हंड्याखालची शेगडी पेटव," काकू मुलाला म्हणाल्या.