मशीनच्या वरच्या टोकाला

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, लाँड्री चालवतात आणि थापा मारतात. दोन्ही कामं मन लावून करतात. शर्टाची इस्त्री ते कॉलरपासून सुरू करतात आणि गोष्ट कुठूनही. आमच्या घरात त्यांना 'गुणाकार' म्हणत. चार पाहुणे आले तर काकांच्या तोंडी ते आठ व्हायचे, आणि कुत्रा नुसता भुंकला असला तर तो चावलेला असायचा. मावशी 'भागाकार'. हातातलं काम न सोडता ती सगळं पुन्हा होतं तेवढं करून ठेवायची.

दुकान लहान आहे. पुढे काउंटर, वर प्लॅस्टिकच्या कव्हरात टांगलेले कपडे, मागे पडदा, पडद्यामागे वाफेची इस्त्री आणि धुण्याची मशीनं. काका काउंटरवर असत, मावशी पडद्यामागे. काका गिऱ्हाइकाला सांगत, "एकदा आम्ही चुकून एका नवऱ्या मुलाला दुसऱ्याचाच कोट दिला. गडी लग्नाला उभा राहिला तर कोट गुडघ्यापर्यंत." मग ते जरासे थांबत. आतून, वाफेच्या फुसफुसाटातून, मावशीचा आवाज येई, "गुडघ्यापर्यंत नव्हता हो. बाह्या तेवढ्या लांब होत्या. आणि तो नवरा मुलगा नव्हता, नवऱ्याचा मामा होता." गिऱ्हाईक हसायचं ते इथे. काकांच्या गुडघ्याला फारसं कोणी हसत नसे. मावशीच्या मामाला सगळे हसत.

माझं ऑफिस त्याच रस्त्यावर आहे. दुपारचा डबा मी लाँड्रीत, मागच्या स्टुलावर बसून खाते. ऑफिसातल्या मंडळींबरोबर बसून त्यांच्या फ्लॅटचे हप्ते ऐकण्यापेक्षा वाफेत बसलेलं बरं, असं माझं मत आहे आणि ते मी त्या मंडळींनाही सांगितलेलं आहे. त्यामुळे या दोघांची जुगलबंदी मी रोज ऐकत आले. कुठली गोष्ट कुठे वळणार हे मला पाठ होतं, तरी मी घास हातात धरून थांबायची.

त्यात मशीनची गोष्ट सगळ्यात मोठी. नवं लग्न झालेलं, भाड्याची जागा, दुकान नाही. लोकांचे कपडे घरीच धुवायचे ठरलं. बंद पडलेल्या एका हॉटेलातून काकांनी धुण्याचं भलंमोठं मशीन स्वस्तात उचललं. इमारतीला लिफ्ट नव्हती. काका सांगत, "पाच मजले. एकट्यानं चढवलं. पाठीवर." आणि थांबत. आतून मावशी म्हणे, "तीन मजले. आणि एकट्यानं नाही, वरच्या टोकाला भाजीवाला होता." काका म्हणत, "भाजीवाला नुसता हात लावून होता." मावशी म्हणे, "मग मधल्या वळणावर तुम्ही बसून घेतलंत तेव्हा मशीन कोणी धरलं होतं?" इथपर्यंत येईतो काउंटरपाशी उभी असलेली माणसं डोळे पुसत असत.

गेल्या वर्षी मावशी गेली. आजार फार दिवसांचा नव्हता. काकांनी दुकान थोडे दिवस बंद ठेवलं आणि मग उघडलं. आतल्या कामाला एक बाई ठेवली. कामाला चोख, पण कानात गाणी लावून इस्त्री करणारी.

लोक काकांशी फार चांगलं वागू लागले, आणि घोटाळा त्यानंच झाला. काका म्हणत, "पाच मजले. एकट्यानं," आणि थांबत. गिऱ्हाईक डोळ्यांत दया आणून म्हणे, "हो का? कमाल आहे तुमची." पडद्याआडून नुसती वाफ येई. काका एकदा पडद्याकडे बघत, एकदा गिऱ्हाइकाकडे, आणि पावती फाडून देत. एकदाही कोणी हसलं नाही. मला त्या दयाळू लोकांचा इतका राग यायचा की डब्याचं झाकण मी नको तेवढं जोरात लावायची.

पुढे पुढे मजले वाढू लागले. पाचाचे सहा झाले, सहाचे सात. काका जणू बघत होते, कुठल्या मजल्यावर कोणीतरी 'पुरे' म्हणतं ते. कोणी म्हटलं नाही. मुलगा दुसऱ्या शहरात असतो, रविवारी फोन करतो. त्यालाही त्यांनी सात मजले ऐकवून पाहिले. तो म्हणाला, "हो बाबा. जेवलात का?"

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काका एका पांढऱ्या शर्टाची बाही पुन्हा पुन्हा दाबत होते. मान वर न करता म्हणाले, "अगं, ते मशीन नक्की किती मजले चढवलं होतं?"

मला वाटलं थट्टा करतायत. म्हटलं, "तुम्हाला माहीत नाही?"

"नाही गं. मी आयुष्यभर बिनधास्त काहीही सांगत आलो. खरं काय होतं ते हिच्याकडे असायचं. मी लक्षात कशाला ठेवू?" त्यांनी इस्त्री उभी केली. "आता आठवायला गेलं की माझीच थाप आठवते. काल विचार करत होतो, खरंच एकटा असेन का मी?"

मी त्यांना तीन मजले सांगू शकले असते. पण माझं तीन हे मावशीचं ऐकलेलं तीन, आणि त्यांना हवं होतं पाहिलेल्या माणसाचं. ती इमारत कधीच पाडून झाली होती. त्या वेळी त्या घरात आणखी एकच माणूस राहत होतं, ते म्हणजे माझी आई. बहिणीकडे राहून कॉलेज करत होती. "आईला विचारा की," मी म्हटलं. काकांनी इस्त्री पुन्हा उचलली. आईचं आणि त्यांचं भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. काकांनी मशीनची गोष्ट काढली की आई हमखास उठून स्वयंपाकघरात जायची. तिला बढाया आवडत नाहीत, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तरी पुढच्या रविवारी ते आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात बिस्किटांचा पुडा. ते जिना चढत असतानाच आईनं मला बजावलं, "काहीही बोलले तरी हो म्हणायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. आधीच माणूस खचलाय."

"खोटं बोलले तरी?"

"खोटं बोलले तरी. कोणाचं काय जातंय?"

चहा झाला, हवापाण्याचं झालं, मुलाची चौकशी झाली. मग काकांनी कप खाली ठेवला. "तुला ते मशीन आठवतं का गं?" त्यांनी आईला विचारलं. "हॉटेलातलं. सात मजले चढवलं होतं मी. एकट्यानं, पाठीवर." आणि ते थांबले.

आई म्हणाली, "हो ना भाऊजी. फार कष्ट केलेत तुम्ही. आणखी अर्धा कप घेता का?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "आणि वर नेऊन पुन्हा खाली आणलं. माप चुकलं म्हणून."

"बाई गं," आई म्हणाली. "बिस्किट घ्या ना."

"आणि पुन्हा वर नेलं," काका म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. बशीतलं बिस्किट त्यांनी उचललं आणि तसंच परत ठेवलं. ते कशासाठी आले होते ते मला माहीत होतं, आणि आई त्यांना नेमकं तेवढं सोडून बाकी सगळं देत होती. मला राहवेना.

"काका, त्या इमारतीला मजलेच तीन होते," मी म्हटलं. "सातव्या मजल्यावर काय, गच्चीच्या वर हवेत चढलात?"

आईनं डोळे वटारले. काका मात्र खुर्चीत पुढे सरकले. कित्येक महिन्यांनी मी त्यांचा चेहरा असा पाहत होते. "तीन कुठले? तू जन्मलीही नव्हतीस."

"मावशी सांगायची. आणि तुम्ही एकटे नव्हता. वरच्या टोकाला भाजीवाला होता."

"भाजीवाला नुसता हात लावून होता."

"हात लावून नव्हता," आई म्हणाली. आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं चहाची किटली टेबलावर जरा जोरातच ठेवली होती. "भाजीवाला नव्हताच. पहिल्या जिन्यावर चार पायऱ्या चढला आणि त्याच्या भाजीच्या गाडीपाशी गाय आली म्हणून पळाला. वरच्या टोकाला मी होते."

मग काका म्हणाले, "शक्य नाही. तू तेव्हा काडीसारखी होतीस."

"काडीसारखीच होते. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती माझी. बोटं सुजली म्हणून पेन धरता येत नव्हतं."

"मग मला दिसली कशी नाहीस?"

"तुम्ही खाली होता भाऊजी. तुमच्या तोंडासमोर मशीन होतं. तुम्हाला काय दिसणार? तीन मजले तुम्ही मला भाऊ म्हणत होता. भाऊ, जरा डावीकडे घ्या. भाऊ, दम धरा. भाऊ, तुम्ही देवमाणूस आहात."

मी तोंडावर हात दाबून धरला. काकांची मान हळूहळू हलायला लागली. "म्हणालो होतो," ते म्हणाले. "देवमाणूस म्हणालो होतो खरा. पण तू बोलली का नाहीस?"

"श्वास घेऊ का बोलू? वर पोचल्यावर मी आधी मोरीत हात धुवायला पळाले, रक्त येत होतं. बाहेर येऊन बघते तर तुम्ही जमिनीवर आडवे, आणि ताई खाली मशीन आणणाऱ्या गाडीवाल्याशी हुज्जत घालून नुकती वर आलेली. तिनं भाजीवाल्याला हात लावताना पाहिलं होतं, तेवढंच तिला माहीत. मशीनभोवती फिरून रडत होती. इतकी खूष मी तिला कधी पाहिली नव्हती. म्हटलं, मग सांगू. आणि दुसऱ्या दिवशी तिनं त्या भाजीवाल्याला जेवायला बोलावलं."

"तो आला होता," काका म्हणाले.

"आला होता ना. निर्लज्ज मेला. पोटभर जेवला, आणि त्याला वाढत कोण होतं? मीच. सुजलेल्या बोटांनी. 'मशीन फार जड होतं हो वहिनी,' म्हणाला. त्याच्यानंतर मी काय सांगणार?" आई खाली बसली. तिचा आवाज आता भांडणाचा राहिला नव्हता. "दर वेळी तुम्ही गोष्ट सांगायचा, ताई दुरुस्त करायची, सगळे हसायचे. मला वाटायचं, आज तरी तिला आठवेल, त्या घरात मीही होते. मग मी उठून आत जायची."

काकांनी आईच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मधल्या वळणावर मी बसलो होतो तेव्हा?"

"तेव्हाही मीच धरलं होतं. तुम्ही विडी ओढत होता."

"विडी नाही, सिगरेट."

"विडी. सिगरेट परवडत होती का तुम्हाला?"

मग दोघांची जी जुंपली ती दिवे लागेपर्यंत. मशीनचा रंग कुठला, घरमालक टकला होता की नुसतं कपाळ मोठं, पहिलं गिऱ्हाईक कोण. आई एकेक गोष्ट खोडून काढत होती आणि काका खुर्चीच्या हातावर थाप मारत 'साफ खोटं' म्हणत होते. बिस्किटांचा पुडा संपला. आईनं त्यांना जेवूनच जा म्हटलं. ते नको म्हणाले, पण पुढच्या रविवारी येतो म्हणाले.

मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. चालता चालता ते नवी गोष्ट बसवून बघत होते. भाऊ कुठे घ्यायचं, देवमाणूस कुठे, भाजीवाल्याचं जेवण शेवटी की आधी. स्टॉपवर बाकावर बसले आणि एकदम म्हणाले, "म्हणजे ही चुकली होती."

"हो की."

"इतकी वर्षं चारचौघांत मला खोटं पाडलं, आणि स्वतःच चुकीचं सांगत होती." त्यांना इतका आनंद झाला होता की ते बाकावर नीट टेकतही नव्हते. "आयुष्यात पहिल्यांदा मी हिची चूक पकडली."

मी म्हटलं, "मावशीनं थोडीच मान्य केलं असतं? म्हणाली असती, भाजीवालाच होता, तुम्ही दोघं गप्प बसा."

"नाही, नाही. कबूल केलं असतं तिनं. लगेच. आणि मग बहिणीचे हात हातात घेऊन रडत बसली असती." ते बोलायचे थांबले. मी काही म्हणेन म्हणून माझ्याकडे बघत राहिले. मावशी रडली असती की नाही, ते मला खरंच माहीत नव्हतं.

त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद माझ्यादेखत उतरला. "बघ," ते म्हणाले, "आता हे मी खरं बोललो की वाढवून, मलाच कळत नाही. मशीनचं तुझ्या आईला माहीत होतं. पण हिचं मी कोणाला विचारू?"

समोरून बस आली आणि मी तिला हात केला.