टीचरांच्या ताऱ्यावर घेतलेला आळ

हौशी रेडिओची परीक्षा मी एकावन्नाव्या वर्षी पास झालो आणि लायसन्स हातात आल्यावर पहिल्याच रविवारी अँटेना उभारली. त्यात मोठं यंत्र असं काही नाही. तांब्याची वायर मधोमध तोडायची, दोन्ही बाजूंना दहा मीटर साडेतीन सेंटिमीटर ठेवायची. एक टोक गच्चीवरच्या पाइपला बांधलं, दुसरं अंगणातल्या नारळाला. नारळ वाऱ्यात हलतो, म्हणून त्या टोकाला कप्पी लावून खाली दोन विटा लोंबत ठेवल्या. झाड झुकलं की विटा वर जातात, वायर तुटत नाही.

"कपडे किती पेलेल?" बायकोने विचारलं.

"एक ओला टॉवेल."

मग तिने विषय सोडला.

दोन आठवडे रोज संध्याकाळी सात ते आठ नाशिक, कोल्हापूर, सुरत स्वच्छ ऐकू येत होतं. नोव्हेंबर संपता संपता एके दिवशी सेट लावला तर नुसती खरखर. आवाजाची ताकद दाखवणारा एक काटा सेटवर असतो. कोणी बोलत नसताना आमच्याकडे तो तीनवर असायचा, आता नऊवर चिकटला होता. नाशिकचा माणूस बोलतोय एवढंच कळत होतं, काय ते नाही.

अशा वेळी आधी स्वतःचं घर तपासायचं असतं. सेट वेगळ्या बॅटरीवर चालतो, म्हणून मी घराचा मेन स्विच बंद केला. काटा नऊवरच. वहीत लिहिलं, 'दोष घराबाहेर.'

बाहेर त्या आठवड्यात नवीन एकच गोष्ट होती. आमच्या कुंपणाला लागून एका निवृत्त शिक्षिकेचं घर आहे. सगळा गाव त्यांना टीचर म्हणतो. नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला की त्या ओटीवर नाताळचा तारा लावतात. बांबूचा सांगाडा त्यांच्या मिस्टरांनी केलेला, कागद त्या दरवर्षी नवा चिकटवतात. यंदा आत बल्बऐवजी एलईडीची पट्टी होती आणि तिला छोटा अडॅप्टर. असले अडॅप्टर खरखरीसाठी बदनाम आहेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेट लावण्याआधीच मी गेलो.

"काय वायरलेसवाले, लंडन लागलं का?"

"टीचर, नाशिकही लागत नाही. तुमच्या ताऱ्यामुळे आवाज येतोय असं वाटतं."

"वाटतं, की येतोय?"

"नव्वद टक्के येतोय."

"नव्वद टक्केवाल्याचं ऐकायलाच हवं," म्हणत त्यांनी बटण बंद केलं. "दोन-तीन दिवस ठेवते बंद. बघा."

त्या संध्याकाळी काटा तीनवर आला. दुसऱ्या दिवशीही तीन. मी पेनाने लिहिलं, 'दोष शेजारचा तारा. सिद्ध.' माणिकपूरहून त्यांच्यासाठी चांगला अडॅप्टर आणायचं ठरवलं आणि नाशिकच्या माणसाशी वीस मिनिटं द्राक्षांवर बोललो.

तिसऱ्या दिवशी तारा बंद, आणि काटा नऊवर.

मी सेटसमोर बसून होतो तेव्हा बायको आतून म्हणाली, "अहो, दुपारभर लाइट नव्हती. इन्व्हर्टर आत्ता कुठे चार्ज होतोय."

दिवाळीत घेतलेला इन्व्हर्टर. त्या आठवड्यात लाइनचं काम म्हणून दुपारची वीज जायची आणि संध्याकाळी तो चार्ज होत असायचा. मधले दोन दिवस वीज गेली नव्हती, म्हणून तो गप्प होता. आणि मेन स्विच बंद करून मी वहीत नोंद केली होती ती ट्यूबच्या उजेडात. ती ट्यूब इन्व्हर्टरवरच चालली होती, म्हणजे मेन बंद असतानाही तो चालूच होता. मी तो पूर्ण बंद केला, काटा तीन. चालू केला, नऊ. पाच वेळा केलं.

"जाऊन सांगा," बायको म्हणाली.

"उद्या सकाळी जातो."

"तारा आत्ता बंद आहे."

टीचरांच्या फाटकाशी चर्चहून परतणाऱ्या दोघी बायका उभ्या होत्या. एक हळू आवाजात विचारत होती, "टीचर, घरात काही झालं का? तारा नाही लावला." आमच्या गावात ज्या घरात कोणी गेलं असेल, तिथे त्या वर्षी तारा लावत नाहीत. हे मला ठाऊक होतं, पण आठवलं नव्हतं.

"काही नाही गं, अडॅप्टर गेलाय."

"भाऊ सिरियस आहे म्हणत होते."

"माझा भाऊ विरारला बसून मटण खातोय."

माझं नाव त्यांनी काढलं नाही. मी पुढे होऊन म्हणालो, "अडॅप्टर चांगला आहे. खरखर माझ्या इन्व्हर्टरची होती, मी ताऱ्यावर आळ घेतला."

टीचरांनी चष्मा वर केला. "इन्व्हर्टर बंद करून बघितलं होतंत?"

"नाही."

"मग नव्वद टक्के आणलेत कुठून?"

"अंदाजाने."

"शून्य," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं. तारा लागला. त्या दोघी हसल्या. "आता असं करा, अडॅप्टर गेलाय असं मी सात घरांत सांगितलंय. खोटं बोलले मी, तेही आगमनकाळात. ते तुम्ही निस्तरा."

मी वहीच्या मागच्या पानावर सात घरं लिहून घेतली. शनिवारपर्यंत सातही झाली. पाच ठिकाणी चहा मिळाला, एका ठिकाणी दुरुस्तीला बंद पडलेला ट्रान्झिस्टर. शेवटच्या घरात एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि उठून ताऱ्याच्या बटणाकडे गेले.

"मग आमचाही बंद ठेवू का तुमच्या वेळेला?"

"नको," मी म्हणालो. "सात ते आठ मी माझा इन्व्हर्टरच बंद ठेवतो."