गणपतची काठी

माळ्यावरून गळाची काठी काढली. तिला अजून नदीच्या चिखलाचा वास येतो.

लॉकडाऊनमध्ये वाशिंदची आमची कंपनी बंद पडली, आणि त्याच महिन्यात बायको करोनानं गेली. दाराशी कोणी फिरकेना. सापगावच्या नदीकाठावर वाडीतला गणपत गळ टाकून बसायचा. त्याच्यापासून चार हात लांब मीही बसू लागलो. बोललं की मासे पळतात, म्हणून दोघंही गप्प. उठताना तो अर्धे मासे पळसाच्या पानावर माझ्यासाठी ठेवायचा.

एका दुपारी त्याला खोकला आवरेना. म्हणाला, "उद्या नाय जमणार रे. काठी तुझ्याकडं ठेव."

म्हणावंसं वाटलं, तुझ्यामुळे तगलो. पण मासे पळतील म्हणून बोललो नाही.

आठ दिवसांत तो गेला. त्यानं काठी दिली त्या दुपारी गळाला एकही मासा लागला नव्हता.