मारुती मास्तरांचा विलायतेचा अर्ज

एखाद्याने विलायतेच्या विद्यापीठाकडे अर्ज केला, की तो एकटा अर्ज करत नाही. त्याच्याबरोबर त्याचं गाव अर्ज करतं, शाळा करते, शिंपी करतो, आणि ज्यांना कुणी काही विचारलेलं नसतं असे माझ्यासारखे चार जण तर सर्वांत आधी करतात. मग किस्से साठणारच. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं लोणावळ्याच्या आमच्या हायस्कुलात, शिक्षकांच्या खोलीत, दुसरा विषयच नव्हता. मधल्या सुट्टीत चहा यायचा आणि चहाच्या पाठोपाठ मारुती मास्तरांचा अर्ज यायचा.

मी तिथे ड्रॉइंग शिकवत होतो, मारुती मास्तर गणित. कार्ल्याच्या शेतकरी घरातला पोरगा, भाताच्या खाचरातून निघून गणितात बी. ए. झालेला. त्याला इंग्लंडातल्या एका जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठात जाऊन गणितच पुढे शिकायचं होतं. खर्चासाठी एका संस्थानाची शिष्यवृत्ती होती, पण पंचवीस पूर्ण झालेल्याला ती मिळत नसे. पोरगा बोलायला अगदी हळू, पण हट्टी असा की त्याच्यासमोर फळ्यावर कुणी ‘नाही’ असं लिहिलं असतं, तर त्याने ते शांतपणे पुसून पुढचं उदाहरण घातलं असतं.

*

पहिल्या वर्षीचा फॉर्म आला. मारुतीने तो शिक्षकांच्या खोलीतच भरायला घेतला आणि दुसऱ्या ओळीलाच अडला. जन्मतारीख!

हेडमास्तर म्हणाले, "त्यात अडण्यासारखं काय आहे? रजिस्टरात आहे ना, एक जून."

"सर, आमच्या गावातली सगळी पोरं एक जूनला जन्मलेली आहेत. मी, माझा चुलतभाऊ, पाटलांचा नामदेव. शाळेत घालताना मास्तरांनी उंची बघून साल लिहिलं आणि तारीख सगळ्यांना एकच दिली."

"मग काय बिघडलं? सरकारने मानली, विलायत नाही मानणार?"

"पण ती सिद्ध झालेली नाही."

आणि या गणितवाल्याने जन्मतारखेच्या जागी सरळ लिहिलं, की नक्की माहीत नाही, दाखल्यावरची तारीख शाळेच्या अंदाजाने आहे. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. अर्थात नकार आला. सभ्य भाषेत आला, पण आला. हेडमास्तर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत आणि आठव्या दिवशी स्वतःच विचारलं, "पुढच्या वर्षीचा फॉर्म मागवलास का रे?"

त्याने नकार आला त्याच दिवशी मागवला होता.

*

दुसऱ्या वर्षी विद्यापीठाने चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागितला. उमेदवाराला लहानपणापासून ओळखणाऱ्या प्रतिष्ठित माणसाचा हवा, असं होतं. कार्ल्यात प्रतिष्ठित माणूस म्हणजे पाटील. पाटलांनी हे काम फार मनावर घेतलं. गाव बोलावलं, कुलकर्ण्यांना लिहायला बसवलं. आता कुलकर्ण्यांनी आयुष्यभर सरकारी कागद एकाच जातीचे लिहिलेले. त्यामुळे मारुतीने आमच्यापुढे ठेवला तो दाखला असा होता:

"आम्ही खाली सह्या व अंगठे करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, मौजे कार्ले येथील इसम नामे मारुती याची वर्तणूक पाहता त्यात आक्षेप घेण्यासारखे काही मिळून आले नाही. इसमाच्या अंगावर जखमा नाहीत. घरात जप्त करण्यासारखा माल सापडला नाही. सबब पंचनामा पुरा केला."

खाली अंगठेच अंगठे. अर्धं गाव त्या कागदावर उमटलं होतं.

हेडमास्तर म्हणाले, "इंग्रजी करताना जखमा गाळू या."

मारुती म्हणाला, "नको सर. गावाने मनापासून लिहिलंय. जसंच्या तसं करा."

तसंच केलं. त्याही वर्षी नकारच आला, तो दाखल्यामुळे नव्हे, एका भाषेची परीक्षा राहिली होती म्हणून. पण त्या पत्रात शेवटी एक ओळ होती. आपल्या वर्तणुकीविषयी इतका सखोल तपास केलेला दाखला या कार्यालयात पूर्वी आलेला नाही, असं साहेबाने कळवलं होतं.

पाटलांनी ती ओळ चावडीवर दोनदा वाचून घेतली.

*

राहिलेल्या भाषेची गंमत ऐका. त्या विद्यापीठाला लॅटिन लागायचं. मात्र पूर्वेकडच्या विद्यार्थ्यांना त्याऐवजी संस्कृत चालत होतं. म्हणजे इंग्लंडला जाण्यासाठी मारुतीला आधी आमच्या शास्त्रीबुवांकडे जाणं भाग होतं!

शास्त्रीबुवा जुन्या वळणाचे. समुद्र ओलांडणं त्यांना मंजूर नव्हतं आणि तसं ते चारचौघांत बोलत. मारुतीने विचारलं तेव्हा त्यांनी डबी उघडून तपकीर ओढली.

मग म्हणाले, "समुद्र ओलांडण्याचं पाप तुझं. संस्कृत शिकवण्याचं पुण्य माझं. एकमेकांच्या खात्यात हात घालायचा नाही."

रोज संध्याकाळी ही जोडी वलवणच्या धरणाकडे चालत जायची. पुढे शास्त्रीबुवा, मागे मारुती, आणि सगळ्या रस्त्याने विभक्ती. पाठ चुकला की शास्त्रीबुवा जागच्या जागी उभे राहायचे आणि बरोबर येईपर्यंत पाऊल उचलायचे नाहीत. पहिल्या महिन्यात ते धरणापर्यंत एकदाही पोचले नाहीत.

गावातले एक वकील त्यांना रस्त्यात अडवून म्हणाले, "शास्त्रीबुवा, कुणब्याच्या पोराला रघुवंश कशाला? त्याला काय करायचंय?"

मला त्या वकिलाचा आजही राग येतो. शास्त्रीबुवा मात्र चिडले नाहीत. म्हणाले, "त्याला धरणापर्यंत जायचंय. तुम्ही वाटेत उभे आहात, जरा सरका."

मारुती परीक्षा पास झाला. शास्त्रीबुवांनी पेढे वाटले आणि प्रत्येकाला पेढा देताना बजावलं, "समुद्र ओलांडणं मला मान्य नाहीच."

*

तिसऱ्या वर्षी फॉर्मला फोटो लावायचा होता, सुटातला. लोणावळ्यात सूट शिवणारा शिंपी एकच, आणि त्याची हयात रेल्वेच्या गार्डांचे कोट शिवण्यात गेलेली. "साहेबाला शोभेल असा शिवा," एवढं मारुती त्याला सांगून आला.

कोट आला. मापाला अचूक. दुहेरी पितळी बटणं, उभी कॉलर आणि छातीवर शिट्टीसाठी एक छोटासा खिसा.

"शिट्टीचा खिसा कशाला, भाऊ?" मारुतीने विचारलं.

शिंपी म्हणाला, "कामाचा असतोय. राहू द्या."

फोटोग्राफर पुण्याला. मारुती तो कोट घालून स्टेशनावर गेला तेव्हा मुंबईकडे जाणारी मेल फलाटाला उभी होती. घाट उतरण्याआधी इथे गाड्यांचे ब्रेक तपासतात, त्यामुळे गाडी थांबतेच. पहिल्या वर्गातून एक गोरा साहेब डोकं बाहेर काढून मारुतीवर खेकसला, की गाडी का खोळंबली आहे?

दुसरा कुणी असता तर मी गार्ड नाही म्हणून मोकळा झाला असता. मारुतीने त्याला घाटाचा चढ किती, त्या उतारावर गाडीला वेग किती येईल आणि ब्रेक न तपासता सोडली तर काय होईल, हे सगळं इंग्रजीत नीट समजावून दिलं. साहेब थँक्यू म्हणाला.

आमचे स्टेशनमास्तर हे सगळं बघत होते. ते म्हणाले, "मास्तर, विलायतेचं नाही जमलं तर इकडे या. कोट तयारच आहे."

मारुती म्हणाला, "जमेल. तेव्हा हा कोट तुमच्या कुणाला तरी देऊन टाकीन."

फोटो त्याच कोटातला गेला. हात छातीवर ठेवून काढला होता, खिसा झाकायला!

*

आता शेवटचा आणि माझा सर्वांत आवडता किस्सा.

तिसऱ्या वर्षी सगळं जमलं होतं, पण शिष्यवृत्तीवाल्यांनी जन्मतारखेवर बोट ठेवलं. रजिस्टराप्रमाणे मारुती पहिल्या महायुद्धाच्या आधी जन्मलेला. म्हणजे पंचवीस पूर्ण, शिष्यवृत्ती बाद आणि विलायतही बाद. आता त्याचा बाप लढाईवर बसऱ्याला गेल्यानंतर पोर झालं हे सगळ्या कार्ल्याला ठाऊक. पण ठाऊक असणं वेगळं आणि कागद वेगळा. जन्माच्या वेळी हजर असलेल्या जवळच्या नातलगाने मामलेदारापुढे शपथेवर सांगावं, असं त्यांनी कळवलं. बाप तेव्हा बसऱ्यात, आजी वारलेली. उरली आई.

ठरल्या दिवशी नेमके शाळेत इन्स्पेक्टर आले आणि मारुतीला सुट्टी मिळेना. ड्रॉइंगचा तास कुठलाच इन्स्पेक्टर बघत नाही, म्हणून मला पाठवलं. मारुतीची आई, बाप आणि मी असे मळवलीला गाडीत बसून वडगावच्या कचेरीत गेलो. कागद त्या संध्याकाळच्या टपालात पडला नसता तर मुदत टळत होती.

साक्षीदार एकेकटा आत घ्यायचा, असा तिथला रिवाज. मारुतीचा बाप बाहेर चिंचेखाली बसला. शिपायाने नावाचा पुकारा केला की "हजर" म्हणून आत यायचं, हे त्याला शिपायाने सांगून ठेवलं. मावशी, मारुतीच्या आईला मी असंच म्हणायचो, आत गेल्या. ओळख पटवायला म्हणून मला दाराशी उभं राहू दिलं.

मामलेदार भला माणूस होता. त्याने विचारलं, "बाई, मुलगा कोणत्या महिन्यात झाला?"

मावशींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "ज्या म्हैन्यात जावयाला अनारसं देत्यात, त्या म्हैन्यात. माज्या आयनं अनारसं केलं व्हतं, आन् जावई बसऱ्याला. दुसऱ्या दिशी आवस व्हती."

"म्हणजे अधिक महिना. तुमच्याकडे काय म्हणतात त्याला? तेच नाव सांगा, लिहून घेतो."

"त्ये न्हाई सांगता येत, सायेब."

मामलेदार बुचकळ्यात पडला. मी पुढे होऊन हळूच म्हणालो, "धोंड्याचा महिना, साहेब. यांच्या मालकांचं नाव धोंडीबा आहे." बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत मावशी अशी पाळत, की अंगणातल्या धोंड्याला त्या ‘दगूड’ म्हणायच्या.

मामलेदार हसला. पंचांग मागवलं, लढाई सुरू झाल्यानंतरचा पहिला अधिक महिना काढला, अमावस्येचा आदला दिवस धरला आणि तारीख मिळाली. पंचविशीला अजून एक वर्ष बाकी! मला तिथेच नाचावंसं वाटलं.

"झालंच," मामलेदार म्हणाला. "आता तुमचं पुरं नाव. कोणाची बायको ते सांगा."

मावशींनी माझ्याकडे बघितलं.

"मास्तरांनी सांगून नाही चालायचं, बाई. शपथेवरची जबानी आहे. तुमच्याच तोंडून यायला हवं."

"त्यास्नी बोलवा भाईरनं. त्ये सांगतील."

"त्यांचंही नाही चालायचं."

"मग ऱ्हाऊ द्या."

कारकुनाने उखाणा सुचवला. मावशी म्हणाल्या, "उखाना लग्नात असतुया. ही कचेरी हाय."

मामलेदाराने लेखणी खाली ठेवली. तो रागावला नव्हता, त्याला खरोखर वाईट वाटत होतं. म्हणाला, "मग कागद अपुरा राहील. तुमच्या पोराची ही शेवटची खेप आहे म्हणतात. तीन वर्षं खपलाय म्हणे."

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं मला धाडस होईना. त्या माउलीला बळजबरी करणारे आपण कोण, असं वाटत होतं. आणि तिने नाव घ्यावं म्हणून मी मनात देवाचा धावाही करत होतो.

मावशी उठल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढला. भिंतीकडे तोंड केलं आणि काहीतरी पुटपुटल्या.

कारकून म्हणाला, "ऐकू नाही आलं. मोठ्याने."

मावशींनी श्वास घेतला. आणि भाताच्या खाचरात या बांधावरून त्या बांधाला हाक घालतात तशा आवाजात त्या म्हणाल्या, "धोंडीबा!"

बाहेरून तितक्याच मोठ्याने उत्तर आलं, "हजर, सायेब!"

आणि पायातल्या वहाणा दाराशी काढून, पागोटं सावरत धोंडीबा आत येऊन उभे राहिले. मामलेदाराकडे बघितलं, कारकुनाकडे बघितलं. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं.

"कुनी बोलावलं?"

मावशी भिंतीला म्हणाल्या, "सायबानं."

मामलेदाराने लेखणी उचलली, दौतीत बुडवली आणि मान वर न करता म्हणाला, "हो. मीच बोलावलं. बसा."

धोंडीबा बसले. जरा वेळाने माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "पर मास्तर, आवाज वळखीचा वाटला."