उरल्या कापडाचा नाताळ

ब्लाऊजपीस टेबलावर पसरला, खडूच्या रेघा ओढल्या, कात्री चालली, की टेलरमावशी आधी ब्लाऊजकडे बघायच्याच नाहीत. कडेला पडलेली कतरन उचलायच्या, दोन बोटांत चोळायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "हे कोनाच्या कामी येईन बरं?" मग ती चिंधी एका पिशवीत जायची, पिशवीला चिठ्ठी लागायची आणि पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला लटकायची. ब्लाऊजचा नंबर त्यानंतर.

अमरावतीच्या राजापेठेत आमचा शिकवणीवर्ग वरच्या मजल्यावर आणि जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल आणि एक स्टूल. स्टुलावर गिऱ्हाईक बसलं की दुसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. मी वर दहावीला बीजगणित शिकवायची आणि पोरांनी डोकं खाल्लं की खाली येऊन ते स्टूल अडवायची. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेलच, जिच्याकडे काही काम नसतानाही आपले पाय वळतात.

शिंपीकामाचा एक नियम आहे. उरलेलं कापड गिऱ्हाइकाचं. नियम सगळ्यांना माहीत आहे आणि पाळत सहसा कोणी नाही. मावशी पाळायच्या, पण त्यांच्या हिशेबानं. उरलेलं कापड त्या लगेच परत करत नसत, नाताळाला करत. वर्षभर लटकलेल्या पिशवीतून तोवर काहीतरी तयार झालेलं असे. कुणाला बटवा, कुणाला टीव्हीच्या रिमोटचं पांघरूण, कुणाला पूजेच्या आसनाची खोळ. पंचवीस तारखेला प्रार्थना आटोपली की चर्चमधून थेट आमच्या गल्लीत यायच्या आणि दारोदार वाटत फिरायच्या.

"घ्या, हॅपी क्रिसमस. तुमचंच हाय, म्या फक्त रूप बदललं."

म्हणजे बघा, आपलंच कापड आपल्याला भेट, आणि वर आपणच खुश. माझ्या अकोल्याच्या भावाला हा व्यवहार सांगितला, तर तो म्हणाला, "ताई, त्या बाईले अर्थमंत्री करा."

अर्थमंत्र्यांची तिजोरी मात्र कायम खडखडत असायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी अकोल्याला नर्सिंग शिकत होती आणि मशीनवर जे मिळे ते तिच्या फीला जाई. एकदा मी म्हटलं, "मावशी, एवढ्या चाळीस घरांना द्यायलाच पाहिजे का? कोणी मागितलंय?"

त्यांनी पायाखालचं मशीन थांबवलं. "दिवाळीले तुमी साऱ्या मले डबे भरभरून देता. चिवडा, चकल्या, अनारसे. मंग नाताळाले मी काय हात हालवत बसू? घेनारीनं देल्लं बी पायजे."

म्हणून त्यांचा नाताळ अक्षय्य तृतीयेपासून सुरू व्हायचा. लग्नसराईत रेशमी कतरन निघते, ती त्या घरच्या मोठ्या माणसांसाठी. शाळेच्या गणवेशांचं कापड जूनमध्ये निघतं, ते त्याच पोरांच्या दप्तरांसाठी. चांदणीचा कंदील दिवाळी संपल्यावर तिसऱ्या दिवशी घ्यायचा, तेव्हा दुकानदार अर्ध्या किमतीत हातात कोंबतो. गुंडाळायला कागद वर्तमानपत्राच्या रंगीत पुरवणीचा. विकत घ्यायची ती फक्त चेन आणि बटनं, तीही रुपयारुपयासाठी घासाघीस करून. मी एका वर्षी मोठ्या तोऱ्यात त्यांना चॉकलेटचं महागडं खोकं दिलं. आठवड्याभरात त्यातली चॉकलेटं मला दहा घरांत दिसली, एकेक, चमकीच्या दोऱ्यात बांधलेली. विचारलं तर म्हणाल्या, "तुमी एकाच घराचा विचार केला होता. म्या थोडा वाढवला."

माझी त्यांच्यावर माया होती, हे सांगायला काय लाजायचं? माझी आई अकोल्याला आणि सासर अमरावतीत. इथे मला हक्कानं रागावणारी अशी ही एकच बाई होती.

मग ते वर्ष आलं. त्या वर्षी मावशींच्या भेटी जरा विचित्र निघाल्या. आमच्या वर्गासाठी त्यांनी खडू ठेवायची पिशवी दिली, ती जांभळी, आणि तिला शिलाई नारिंगी दोऱ्याची. समोरच्या आजींच्या गुलाबी बटव्याला चॉकलेटी चेन. पण आम्ही काय समजलो? आम्ही समजलो, मावशी उरलेली रिळं संपवताहेत. एवढी काटकसर करणाऱ्या बाईच्या काटकसरीत आणखी एक भर पडली असं वाटून आम्ही कौतुकच केलं. सुईत दोरा ओवायला त्या हल्ली मला सांगायच्या. "मॅडम, तुमच्या हाताले यश हाय, ओवून द्या ना." आणि मी वेडी, फुगून जायची.

मला त्या नाताळाला चष्म्याचं घर मिळालं होतं. गडद हिरवं रेशीम आणि कडेला बारीक कोयऱ्या. इतकं सुंदर की मी कारण नसताना चष्मा काढायची आणि ठेवायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वकिलीणबाईंकडे गेले. या बाई आमच्याच गल्लीतल्या. नवरा वकील, पण घरात युक्तिवाद यांचा. मी वाण घेतलं, पर्समधून चष्मा काढला, आणि वकिलीणबाईंच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला.

"हे कापड तुमच्याकडे कसं काय आलं हो?"

"मावशींनी दिलं. माझ्या दिराच्या लग्नातल्या ब्लाऊजचं आहे." असं मी म्हणाले खरी, आणि म्हणता म्हणताच मला आठवलं, माझं ब्लाऊज तर पोपटी होतं.

"हे माझ्या आईच्या शालूचं आहे," त्या म्हणाल्या. आई मागच्या वर्षीच गेली होती. शालू विरला होता, म्हणून धड राहिलेल्या भागातून त्यांनी एक ब्लाऊज शिवून घेतलं होतं. त्यांनी कपाट उघडलं आणि नाताळाला मिळालेला बटवा काढला. तो पोपटी होता. नीट न बघताच त्यांनी तो ठेवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलीणबाई दोन्ही वस्तू घेऊन दुकानात उतरल्या. मीही मागोमाग गेले. स्टुलावर एक गिऱ्हाईक होतं, म्हणून आम्ही दोघी रस्त्यावरच उभ्या राहिलो.

"माझ्या आईचं कापड दुसऱ्याला कसं गेलं, एवढंच सांगा. आणखी किती जणींचं असं इकडचं तिकडे केलंत?"

शिंप्याला यापेक्षा वाईट काही म्हणता येत नाही. कापडचोर हा शिक्का एकदा बसला की गल्लीतलं एकही बोहारणीला द्यायच्या लायकीचं लुगडंसुद्धा दुकानात येत नाही. मला वाटलं, मावशी चिडतील, भांडतील. भांडण त्यांना छान जमायचं. पण त्यांनी दोन्ही वस्तू हातात घेतल्या. एक नाकापर्यंत आणली, मग दुसरी. पुन्हा पहिली. गडद हिरवा आणि पोपटी, पाच वर्षांच्या पोरालाही कळावा असा फरक.

त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या, हे मला त्या क्षणी कळलं. गप्प बसावं तर चोर ठरायचं. खरं सांगावं तर ज्या शिंपिणीला दिसत नाही, तिच्याकडे नवं कापड टाकणार कोण? मुलीचं शेवटचं वर्ष बाकी होतं.

"चोरी नाई केली म्या," मावशी म्हणाल्या. "मले दोन्ही सारखेच दिसून राहिले. दिवाळीआधी घरमालकानं चुना मारला, तवा पिशव्यांच्या चिठ्ठ्या पडल्या. म्या अंदाजानं लावल्या. रंग कळत नाई मले, बाई. सा महिने झाले."

स्टुलावरची बाई उठली. टेबलावरचा तिचा न कापलेला पीस तिनं हळूच घडी करून पिशवीत टाकला आणि "येते मग" म्हणून निघून गेली. मावशींना ते दिसलं की नाही कोण जाणे. ऐकू मात्र आलं.

वकिलीणबाईंनी ते पाहिलं. त्या रिकाम्या स्टुलावर बसल्या. आवाज तोच, कोर्टातला. "डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं तं ऑपरेशन सांगीन. ऑपरेशन म्हंजे मशीन बंद. पोरीची फी कोन भरन?"

"अन् डोळे गेल्यावर कोण भरणार आहे?"

मावशी टेबलावरची एक कतरन उचलून दोन बोटांत चोळू लागल्या.

"उद्या दहाला तयार राहा," वकिलीणबाई म्हणाल्या. "स्कूटीवर बसता येतं ना?"

मोतीबिंदू निघाला. धर्मादाय दवाखान्यात ऑपरेशन झालं, खर्च नाममात्र. मशीन महिनाभर बंद राहिलं आणि त्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या कुणालाच नवं ब्लाऊज लागलं नाही. कापडं घरात पडून होती, पण दुसरीकडे कोणी टाकली नाहीत. शिलाईची आगाऊ रक्कम मात्र मावशींच्या उशाशी जमा होत गेली. त्यांनी ती घेतली, पण प्रत्येकीचं नाव सुट्टी काढून आलेल्या मुलीकडून लिहवून घेतलं. त्या दिवशी पीस घेऊन गेलेली बाई काही परत आली नाही. चालायचंच.

डोळ्यांवरचा काळा चष्मा निघाल्यावर मावशी आयुष्यात पहिल्यांदा जिना चढून आमच्या वर्गात आल्या. मी फळ्यावर समीकरण सोडवत होते. त्यांची नजर फळ्याशेजारच्या खिळ्याला लटकलेल्या खडूच्या पिशवीवर गेली.

"अगं माय! हे कोनं शिवलं?"

"तुम्हीच की."

"म्या? जांभळ्याले नारिंगी?" त्या हसायला लागल्या. पोरं हसायला लागली. त्या पहिल्या बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "अन् तुमी कोनीच काई बोलले नाई? काहून?"

"आम्हाला वाटलं फॅशन आहे," मी म्हणाले.

मग त्यांनी गल्लीभर धाड घातली. सगळ्या भेटी परत द्या, नीट करून देते. शालूचं चष्म्याचं घर मी वकिलीणबाईंना कधीच दिलं होतं आणि पोपटी बटवा माझ्याकडे आला होता, तेवढीच काय ती अदलाबदल. बाकी एकाही घरानं एकही वस्तू परत दिली नाही. समोरच्या आजींनी तर गुलाबी बटवा कमरेला खोचूनच दार उघडलं. "आमच्या घरात याले सारे पाहुणे विचारतात," म्हणाल्या. मावशी हात हलवत परत आल्या, आणि मी त्यांना इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मुलीला अकोल्यातच नोकरी लागली. ती आईला घेऊन गेली. जिन्याखाली आता मोबाइलची कव्हरं विकतात. कव्हरं रंगीबेरंगी आहेत, पण बसायला स्टूल नाही.

गेल्या नाताळाला मी अकोल्याला मावशींकडे निघाले, तर बसस्टँडवर वकिलीणबाई हजर. हातात पिशवी. "तुम्ही एकट्याच कशा जाता, बघते," म्हणाल्या. वाटेत अर्धा वेळ आम्ही भेट काय न्यायची यावर भांडलो, कारण मी काजूकतली घेतली होती आणि त्यांच्या मते ती मावशी दहा घरांत वाटणार.

मावशींनी दार उघडलं. आम्हाला 'या' म्हणायच्या आधी उंबरठ्यावरूनच वकिलीणबाईंच्या ब्लाऊजच्या खांद्याकडे, बाही जोडतात तिथे बघितलं. "मुंढा चुकला हाय. कोनाकडे टाकलं होतं?"

"चुकलाय ना? म्हणून तर आले." वकिलीणबाईंनी पिशवीतून घडी काढली. गडद हिरवं रेशीम, कडेला बारीक कोयऱ्या. शालूचं आता तेवढंच चांगलं राहिलं होतं. "लेकीसाठी ब्लाऊज हवंय. माप आत आहे." मग मावशींकडे न बघता त्या म्हणाल्या, "यातनं जे उरेल, ते परत नका करू. तुम्ही ठेवा."

मावशींनी घडी दोन्ही हातांत घेतली. "बसा," एवढं म्हणून आत गेल्या. मग चहा आला. साखर त्यांनी दोनदा टाकली होती. आम्ही दोघींनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.