गाणं संपेपर्यंत

बाटल्या धुण्याच्या कारखान्यात तिला सगळे भोंगा म्हणत. कारखान्याचा भोंगा वाजत असला तरी तिचा आवाज त्याच्या वरताण ऐकू यायचा. मुकादम थट्टेनं म्हणायचा, "तू वेळेवर येत जा, म्हणजे तेवढीच वीज वाचेल." ती हसायची आणि दुपारच्या सुट्टीत त्याच्यावरच चार ओळी रचायची.

चाली तिच्या नव्हत्या. अंगाईची असो, सिनेमातली असो, कानावर पडेल ती चाल उचलायची आणि शब्द आपले घालायचे. दिवसभर सोड्याच्या गरम पाण्यात हात घालून बायकांच्या बोटांची सालं निघत. हातमोजे मागून मागून तोंडं दुखली, तेव्हा तिनं गाणं केलं:

साहेबांचा हात कसा लोण्यासारखा मऊ,
आमचे हात बघून जा ना एकदा तरी, भाऊ

गाणं सगळ्यांच्या तोंडी बसलं. साहेबांचे कारकूनसुद्धा जिन्यात गुणगुणायचे आणि कुणी समोर आलं की खोकायचे.

पहिल्यांदा फाटकासमोर ठिय्या दिला तेव्हा मात्र फजिती झाली. पहारेकऱ्यानं नुसती शिट्टी फुंकली आणि अर्ध्या बायका चपला टाकून पळाल्या. भोंगाला हसावं की रडावं कळेना. मग तिनं नियमच घातला. आपली माणसं आत बोलणी करायला गेली की बाहेर गाणं चालू ठेवायचं आणि ते संपेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. कधी संपवायचं ते भोंगा ठरवणार. नियम इतका अंगवळणी पडला की बायका शिंकायच्या त्यासुद्धा तालात.

ताल नणंदेचा. नवऱ्याची ही धाकटी बहीण त्याच खात्यात कामाला होती, लग्न ठरलेली, हसरी. पुढच्या रांगेत बसून ती पत्र्याचा रिकामा डबा असा वाजवायची की बेसूर बाईही सुरात यायची.

हातमोज्यांसाठी शेवटचा ठिय्या दिला त्या दिवशी मालाची गाडी बाहेर काढायचा हुकूम झाला. बायका उठतील, असं ड्रायव्हरला वाटलं. ड्रायव्हर ब्रेक दाबेल, असं बायकांना वाटलं. भोंगाला गाडी येताना दिसली. आता थांबलं तर सगळ्यावर पाणी पडेल, असं तिच्या मनात आलं आणि तिनं पुढचं कडवं घेतलं.

नणंदेचे दोन्ही पाय गेले. पाठोपाठ लग्न मोडलं. हातमोजे मात्र आठवड्याच्या आत आले, चांगले जाड, कोपरापर्यंतचे. नवरा भोंगाला एका शब्दानं बोलला नाही. अजूनही कामापुरतंच बोलतो.

नणंद त्यावर एकदाच बोलली, भोंगा तिची वेणी घालत असताना.

"मला दिसली होती गाडी, वहिनी. पण तुझं गाणं चालू होतं ना."

तिनं बोल लावला नव्हता. लावला असता तर फार बरं झालं असतं. भोंगा त्यानंतर कधी गायली नाही. नणंदेला उचलून न्हाऊ घालताना, खुर्चीत बसवताना ती तोंडातून हुंकारही काढत नसे. तिला स्वतःच्या गळ्याची किळस आली होती.

बऱ्याच वर्षांनी पलीकडच्या शिलाईच्या कारखान्यातल्या पोरी दारात आल्या. कामाच्या वेळात त्यांना आत कोंडून बाहेरून कुलूप लावत. पोरी ठिय्या देणार होत्या आणि त्यांना भोंगा हवी होती.

"मावशी, गाणं आम्हाला पाठ आहे. नियमही पाठ आहे. तुम्ही नुसत्या येऊन बसा."

"मी नाही येणार," भोंगा म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

"जा, वहिनी," खुर्चीतून नणंद म्हणाली. "गाऊ नकोस. पण गाडी आली तर उठा, एवढं तरी सांगून ये. नियम तुझा आहे, तूच मोडू शकतेस."

भोंगाला ते पटलं. ती जवळजवळ धावतच गेली. फाटकासमोर पोरी मांडी ठोकून बसल्या होत्या. तिला बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या पुढारी पोरीला बाजूला घेऊन तिनं सांगितलं, "गाणं राहू दे अर्धं. गाडी दिसली की उठायचं. मी सांगते म्हणून."

पोरीनं अदबीनं ऐकून घेतलं.

"मावशी, तेव्हा कुणी उठलं नाही म्हणूनच हातमोजे मिळाले ना?"

ते खरं होतं. तरी भोंगा परत एकदा म्हणाली, "उठा गं," पण तोवर मागच्या पोरींनी गाणं सुरू केलं होतं. शब्द बदललेले, हातांऐवजी कुलूप आलेलं, चाल तीच. एकेकाळी कारखान्याच्या भोंग्याला झाकणारा तिचा आवाज तिच्याच गाण्याखाली बुडून गेला. ती थोडा वेळ उभी राहिली आणि घरी आली.

नणंद खिडकीशी बसली होती. गाणं तिथवर ऐकू येत होतं.

"ऐकलं त्यांनी?"

भोंगानं मान हलवली. नाही.

"पुढच्या रांगेत कोण आहे?"

"एक पोरगी आहे. डबा वाजवतेय."

नणंदेनं खिडकीबाहेर कान दिला. मग तिनं विचारलं, "चांगला वाजवते?"

"हो," भोंगा म्हणाली. "चांगला वाजवते."